रुद्रदेव महाराज: काकतीयांची राणी रुद्रमादेवी

आजच्या तेलंगण आणि आंध्र प्रदेशाच्या मोठ्या भागावर इ.स. १२६२ ते १२८९ या काळात रुद्रमादेवीचे राज्य होते. ओरुगल्लू म्हणजे आजचे वरंगळ ही तिची राजधानी आणि काकतीय हे तिचे घराणे. मध्ययुगीन भारतात स्त्रियांनी राज्यकारभार पाहिल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत, पण त्यांतील बहुतेक जणी अज्ञान मुलाच्या नावाने किंवा नवऱ्याच्या पश्चात कारभार पाहत. रुद्रमादेवीचे तसे नव्हते. गादी तिला वडिलांकडून वारसाहक्काने मिळाली, तिने ती स्वतःच्या अधिकारात सांभाळली आणि आपला वारसही स्वतःच नेमला. दिल्लीच्या रझियालाही बापानेच वारस ठरवले होते. १२३६ मध्ये ती तख्तावर आली, पण तुर्की अमिरांपुढे तिचा निभाव चार वर्षेही लागला नाही. रुद्रमादेवी सत्तावीस वर्षे टिकली. हे तिच्या शौर्यामुळे घडले, असे लोककथा सांगतात. शौर्य तिच्यात होतेच. पण तिच्या राज्याचा पाया पाहायचा तर तिच्या घराण्याने तीन पिढ्यांत उभारलेली व्यवस्था पाहावी लागते. त्या व्यवस्थेने तिला तारले आणि अखेर तिचा घासही त्याच व्यवस्थेतून पुढे आलेल्या माणसाने घेतला.

काकतीय मूळचे सार्वभौम राजे नव्हते. आधी राष्ट्रकूटांचे आणि नंतर कल्याणीच्या चालुक्यांचे सरदार म्हणून ते वावरले. चाकरीच्या मोबदल्यात अकराव्या शतकात त्यांना अनुमकोंडा म्हणजे आजचे हनमकोंडा आणि भोवतालचा मुलूख मिळाला. त्या काळचे राजे शिलालेखांत आपली वंशावळ सूर्याला किंवा चंद्राला नेऊन भिडवत. काकतीयांच्या मोजक्या लेखांत तसा दावा दिसतो, पण बहुतेक लेखांत ते स्वतःला चौथ्या वर्णाचे म्हणवतात आणि त्यात त्यांना कमीपणा वाटलेला दिसत नाही. दुर्जय नावाच्या पूर्वजाचा ते अभिमानाने उल्लेख करतात. जन्माच्या थोरवीपेक्षा तलवारीच्या आणि चाकरीच्या जोरावर वर येण्याला या घराण्यात मान होता. पुढे कोणाला हाताशी धरायचे हे ठरवताना याच वृत्तीचा प्रत्यय येतो.

त्यांचा मुलूख तसा कोरडा. तेलंगणाच्या पठारावर ग्रॅनाइटचे उघडे खडक, लाल माती आणि लहरी पाऊस. कृष्णा-गोदावरीच्या मुखाकडील भातशेतीची समृद्धी येथे नव्हती. काकतीयांनी आणि त्यांच्या सरदारांनी यावर तलावांचा उपाय केला. दोन टेकड्यांच्या मधून ओढा वाहतो तेथे मातीचा भक्कम बांध घालायचा, पाण्याच्या बाजूला दगड रचायचे, खालच्या शेतांसाठी बांधात मोरी ठेवायची आणि जास्तीचे पाणी निघून जावे म्हणून एका कडेला सांडवा काढायचा. सांडव्याचे पाणी खालच्या तलावात, त्याचे त्याखालच्या, अशी तलावांची माळच तयार होई. पाखाल, रामप्पा आणि लक्नवरम हे त्यांतले मोठे तलाव आजही शेतीला पाणी देतात. तलाव बांधणाऱ्याला भिजणाऱ्या जमिनीचा काही हिस्सा करमाफ मिळे. त्याला दशबंध म्हणत. त्यामुळे गावोगावचे लहानमोठे सरदार तलाव खोदण्यात पुढाकार घेऊ लागले. नवी जमीन लागवडीखाली आली, तिच्यावर नवी गावे वसली आणि त्या गावांतून काकतीयांना शिपाई मिळाले.

चालुक्यांची सत्ता ढासळल्यावर रुद्रमेच्या आजोबांचा भाऊ, काकतीय राजा रुद्रदेव याने स्वातंत्र्य पुकारले. हनमकोंड्याच्या हजारखांबी देवळातील ११६३ चा त्याचा लेख ही त्या स्वातंत्र्याची जाहीर नोंद आहे. तोवर काकतीयांचे कितीतरी लेख चालुक्यांच्या दरबारी रिवाजानुसार कन्नडमध्ये असत. यापुढे संस्कृतच्या जोडीला तेलुगू आली. पठारावरचा तेलंगण आणि समुद्राकाठचा आंध्र हे एकाच भाषेचे दोन प्रदेश पुढच्या काही दशकांत प्रथमच दीर्घकाळ एका सत्तेखाली आले. घराण्याचा सर्वांत खोल परिणाम हाच म्हणावा लागेल.

पश्चिमेला चालुक्यांच्या जागी देवगिरीचे यादव आले होते आणि या दोन नव्या सत्तांचे जुळणे शक्य नव्हते. रुद्रदेव ११९५ च्या सुमारास यादव राजा जैतुगीशी लढताना मारला गेला. त्याचा भाऊ महादेव गादीवर आला. तोही तीन-चार वर्षांत यादवांविरुद्धच्या लढाईत पडला आणि त्याचा मुलगा, म्हणजे रुद्रमेचा बाप, गणपतिदेव देवगिरीच्या कैदेत सापडला. राज्य बुडायचेच, पण रेचर्ल रुद्र नावाच्या सेनापतीने ते सावरून धरले. जैतुगीने ११९९ च्या सुमारास गणपतिदेवाला सोडून दिले आणि तो परतला तेव्हा त्याची गादी शाबूत होती. याच रेचर्ल रुद्राने १२१३ मध्ये पालमपेटचे रुद्रेश्वर मंदिर बांधले. रामप्पा मंदिर या नावाने प्रसिद्ध असलेल्या या देवळाला २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाले. पाण्यावर तरंगतील इतक्या हलक्या विटांचे त्याचे शिखर आणि काळ्या दगडातील, खांबांना तिरक्या टेकलेल्या नर्तकींच्या मूर्ती पाहायला आज देशोदेशीचे लोक येतात. ते बांधणारा राजा नव्हता, राजाचा एक चाकर होता, हे ध्यानात घेतले म्हणजे काकतीय राज्यात सेनानायकांचे वजन किती होते ते कळते.

कैदेतून सुटलेल्या गणपतिदेवाने पुढे साठ वर्षांहून अधिक काळ राज्य केले. किनारपट्टी जिंकली आणि जिंकलेल्या घराण्यांशी सोयरिकी जोडल्या. दिवि बेटाच्या सरदाराला हरवून त्याने त्याच्याच मुली, नारमांबा आणि पेरमांबा, यांच्याशी लग्न केले आणि त्यांचा भाऊ जायप याला गजसेनेचा प्रमुख केले. या जायपाने १२५३-५४ मध्ये नृत्यावर ‘नृत्तरत्नावली’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला.

मोटुपल्ली बंदरातील १२४४-४५ चा शिलास्तंभ गणपतिदेवाच्या धोरणाचा उत्तम नमुना आहे. वादळाने गलबत भरकटून किनाऱ्याला लागले की त्यावरचा सगळा माल त्या मुलखाचा राजा जप्त करी. ही पूर्वीची चाल गणपतिदेवाने बंद केली. दूरदेशीच्या व्यापाऱ्यांना त्याने अभय दिले, तिसाव्या हिश्शाएवढाच कर घेण्याचे वचन दिले आणि चंदन, कापूर, मोती, हस्तिदंत, रेशीम अशा जिनसांवरचे दर दगडात कोरून ठेवले. समुद्रमार्गे आलेल्या माणसाला लाचेशिवाय आणि भीतीशिवाय धंदा करता यावा म्हणून राजाने आपल्याच हाताला घातलेला हा लगाम होता. मोटुपल्लीची भरभराट झाली आणि तिचा लाभ रुद्रमादेवीच्या कारकिर्दीला मिळाला.

गणपतिदेवाला मुलगा नव्हता. रुद्रमा आणि गणपांबा या त्याच्या मुली. गणपांबा धरणिकोटच्या कोट घराण्यातील बेताला दिली होती. नवरा वारल्यावर तिने तो प्रांत स्वतः सांभाळला. रुद्रमेचे लग्न गोदावरीकाठच्या निडदवोलूच्या चालुक्य घराण्यातील वीरभद्राशी झाले. जावयाला गादी देऊन राजवंश पुढे नेण्याचा सोपा मार्ग गणपतिदेवापुढे होता. तो त्याने टाळला, कारण मग राज्य चालुक्यांचे झाले असते. त्याने मुलीलाच मुलगा मानले. काकतीय दरबारातील विद्यानाथाच्या ‘प्रतापरुद्रीय’ या अलंकारग्रंथात याचा उल्लेख आहे: गणपतिदेवाने आपल्या मुलीला रुद्र हे पुरुषी नाव दिले. १२६० च्या आसपास ती बापाबरोबर कारभार पाहू लागली आणि लेखांतून ‘रुद्रदेव महाराज’ असा तिचा उल्लेख येऊ लागला. वीरभद्राचा मात्र राज्यकारभारात मागमूस दिसत नाही.

हे पुरुषी नाव काही लोकांना फसवण्यासाठी नव्हते. राणी स्त्री आहे हे दरबाराला ठाऊक होते आणि काही लेखांत तिचा उल्लेख सरळ स्त्री म्हणून आहे. दानपत्रे, बिरुदे आणि राजचिन्हे हे सारे पुरुष राजा गृहीत धरून घडलेले होते. त्या चौकटीला हात न लावता तिच्यात एका स्त्रीला बसवण्याची ही तोड होती. ती पुरुषी पोशाखात दरबारात बसे आणि सैन्यासोबत जाई, असे परंपरा सांगते. वरंगळला सापडलेल्या एका शिल्पात ढाल-तलवार घेतलेली स्त्री सिंहावर आरूढ आहे. ती रुद्रमाच, असे अभ्यासक मानतात. ‘रायगजकेसरी’, म्हणजे राजे हेच हत्ती आणि त्यांच्यावर झेपावणारा सिंह, हे तिचे बिरुद या शिल्पाशी जुळते.

तिची सुरुवात खडतर झाली. १२६३ मध्ये नेल्लोरजवळ मुत्तुकूर येथे जटावर्मन सुंदर पांड्याने काकतीय सैन्याचा दारुण पराभव केला. दक्षिणेचा मुलूख गेला, म्हातारा गणपतिदेव राज्यकारभारातून बाजूला झाला, किनाऱ्यावरचे सरदार डोके वर काढू लागले आणि कलिंगच्या गंग राजांनी गोदावरीकाठ धरला. सोळाव्या शतकातील ‘प्रतापरुद्रचरित्र’ सांगते की हरिहरदेव आणि मुरारिदेव या सावत्र भावांनी तिच्याविरुद्ध बंड केले व तिने त्यांना ठार मारले. गणपतिदेवाला मुलगे असते तर मुलीला पुढे करण्याचे कारणच उरले नसते, म्हणून ही गोष्ट जशीच्या तशी घेता येत नाही. पण एका बाईपुढे मुजरा करायला काही जुने मानकरी तयार नव्हते, एवढे तिच्यातून निश्चित कळते.

तिच्या पाठीशी उभे राहिले ते नवे लोक. रेचर्ल प्रसादित्य, गोन गन्नारेड्डी, कायस्थ घराण्याचा जन्निगदेव. यांतील प्रसादित्याला काकतीय राज्याची पुनःस्थापना करणारा असे बिरुद मिळाले. पोतिनायक आणि प्रोलिनायक या सेनापतींनी पुढे कलिंगच्या फौजा हटवून गोदावरीकाठ परत मिळवला. यांच्यापैकी अनेकांची घराणी फार जुनी नव्हती. राजाने दिलेल्या जमिनीवर ते उभे होते, म्हणून राजाच्या गादीत त्यांचा जीव गुंतलेला होता. रुद्रमेने अशा नायकांना गावे नेमून देऊन त्या बदल्यात सैन्य ठेवण्याची रीत वाढवली. तिचा नातू आणि वारस प्रतापरुद्र याच्या काळात हीच रीत नायंकर पद्धत म्हणून पक्की झाली आणि पुढे विजयनगरने तिचा मोठा विस्तार केला.

महाराष्ट्राच्या दृष्टीने तिच्या कारकिर्दीतला महत्त्वाचा प्रसंग म्हणजे यादव महादेवाशी झालेले युद्ध. तेलंगणात गडबड आहे असे पाहून महादेवाने स्वारी केली. या युद्धाचा निकाल दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीने सांगितला आहे. महादेवाचा मंत्री हेमाद्री, म्हणजेच मराठी लोकांचा हेमाडपंत, आपल्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’ ग्रंथाच्या व्रतखंडातील प्रशस्तीत लिहितो की महादेवाने तेलंगणाच्या राजाचे हत्ती आणि वाद्ये हिरावली, पण राणी स्त्री असल्याने तिला सोडून दिले. ‘प्रतापरुद्रचरित्र’ म्हणते की वरंगळभोवती पंधरा दिवस लढाई झाली, राणीने यादव फौजेला देवगिरीपर्यंत रेटत नेले आणि एक कोट सुवर्णनाणी खंडणी घेतली. प्रशस्ती लिहिणारा हेमाद्री पदरचा माणूस आणि चरित्र लिहिले गेले अडीचशे वर्षांनी, तेव्हा दोघांनाही साक्षीदार म्हणून पुरते मानता येत नाही. दगडाचा पुरावा मात्र राणीकडे झुकतो. बिदरच्या किल्ल्यात मिळालेल्या भग्न लेखात तिचा मांडलिक भैरव याचा आणि तिच्या रायगजकेसरी या बिरुदाचा उल्लेख आहे. बिदर तर यादवांच्या मुलखात होते. किनारी आंध्रात यादवांच्या सोन्याच्या नाण्यांचा साठाही सापडला आहे. तो खंडणीचा असेल किंवा व्यापाराचा. देवगिरीपर्यंतची दौड कवीची भर असली, तरी स्वारी उलटली आणि काकतीय सरहद्द पश्चिमेकडे सरकली, असा निष्कर्ष काढायला जागा आहे. स्त्री म्हणून सोडल्याची हेमाद्रीची भाषा तर अपयश झाकण्यासारखीच वाटते. वैर संपल्यावर सोयरीकही झाली: रुद्रमेची एक मुलगी यादव कुळातील एल्लणदेवाला दिली होती.

या स्वारीनंतर वरंगळचा कोट आणखी मजबूत झाला. आतला दगडी तट गणपतिदेवाच्या काळचा. रुद्रमेने त्याची उंची वाढवली आणि बाहेरून सुमारे अडीच किलोमीटर व्यासाचा मातीचा दुसरा तट उभारून त्याभोवती रुंद खंदक खणला. मातीचा तट कच्चा वाटतो खरा, पण यंत्रातून फेकलेला दगड त्यात रुतून बसतो, भिंत फुटत नाही. पुढे १३१० मध्ये दिल्लीच्या फौजेला हा तट ओलांडायला फार कष्ट पडले. कोटाच्या मधोमध स्वयंभू शिवाचे भव्य मंदिर होते. त्याच्या चार दिशांना उभी असलेली, कमळे आणि हंस कोरलेली चार तोरणे अजून जागेवर आहेत.

लढायांपेक्षा वेगळी रुद्रमा मलकापुरमच्या १२६१ च्या लेखात भेटते. गुंटूरजवळच्या या स्तंभावर गोळकी मठाचे शैव आचार्य विश्वेश्वर शिव यांना दिलेल्या दानाचा तपशील आहे. हे आचार्य मूळ मध्य भारतातल्या चेदी देशाकडील परंपरेचे आणि गणपतिदेवाचे दीक्षागुरू. गणपतिदेवाने त्यांना मंदडम हे गाव दिले, रुद्रमेने त्यात वेलगपुडीची भर घातली. या उत्पन्नातून देऊळ, मठ, वेद आणि आगम शिकवणारे गुरू, अन्नछत्र, आरोग्यशाळा आणि प्रसूतिशाळा चालवायची होती. तेराव्या शतकातील दानपत्रात बाळंतिणींसाठी स्वतंत्र तरतूद असणे ही सहज दिसणारी बाब नाही. ती कोणाच्या सांगण्यावरून आली हे लेख सांगत नाही. दान देणाऱ्यांत एक राजकन्या होती, एवढे तो सांगतो. तेच वेलगपुडी आज अमरावती राजधानी क्षेत्रात असून आंध्र प्रदेशाचे सचिवालय तेथे आहे.

व्हेनिसचा प्रवासी मार्को पोलो १२९० नंतर या किनाऱ्यावरून गेला. मोटुपल्लीच्या नावावरून त्याने सगळ्या राज्यालाच मुतफिली म्हटले. तेथील राणी राजाची विधवा असून चाळीस वर्षे न्यायाने राज्य करते आणि प्रजा तिच्यावर जीव टाकते, असे त्याने लिहिले. विधवा ही त्याची चूक, आणि तो आला तेव्हा राणी बहुधा हयातही नव्हती. पण परक्या बंदरात व्यापाऱ्यांच्या तोंडी तिचे नाव कसे होते, याचा हा मोलाचा दाखला आहे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या तलम कापडाचे आणि हिऱ्यांचेही त्याने वर्णन केले आहे. कृष्णेच्या खोऱ्यातील हिरे त्या काळी याच किनाऱ्यावरून जगात जात.

रुद्रमेचा शेवट कायस्थांच्या हातून झाला. गणपतिदेवाच्या काळात घोडदळाचे नायक म्हणून हे घराणे पुढे आले. त्यांना दक्षिणेचा मोठा प्रांत मिळाला आणि जन्निगदेव, त्रिपुरारिदेव हे राणीशी इमानाने राहिले. १२७२ नंतर आलेला अंबदेव मात्र त्या प्रांताचा राजाच बनून बसला. राजाने दिलेल्या जमिनीवर उभा राहिलेला नायक पुरेसा मोठा झाला की राजालाच आव्हान देतो, हा नायक पद्धतीचा दोष येथे उघडा पडला.

राणीच्या मृत्यूची वार्ता एका साध्या दगडाने जपली. नलगोंडा जिल्ह्यातील चंदुपटला गावच्या या लेखाची मिती शके १२११ चा मार्गशीर्ष, म्हणजे नोव्हेंबर १२८९. पुव्वुल मुम्मडी नावाच्या एका शिपायाने तो कोरवला. रुद्रमादेवी आणि तिचा सेनापती मल्लिकार्जुन नायक शिवलोकी गेले, त्यांना पुण्य लाभावे म्हणून त्याने देवाला जमीन दिली. राणी आणि सेनापती दोघे एकदम गेले, यावरून दोघांचा मृत्यू रणात झाला असे इतिहासकार मानतात. अंबदेवाच्या त्रिपुरांतकम येथील १२९० च्या लेखात त्याने हरवलेल्यांची लांबलचक यादी आहे. तीत मल्लिकार्जुनाचे नाव येते, राणीचे येत नाही. वृद्ध राणीला मारल्याची फुशारकी मारणे त्यालाही शोभले नसावे. राणीच्या मृत्यूच्या पुढच्याच वर्षी, शके १२१२ मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरी सिद्ध झाली आणि तिच्या अखेरीस ज्ञानेश्वरांनी यादव रामदेवरावाच्या राज्याची नोंद केली. वरंगळ आणि देवगिरी ही शेजारची राज्ये. दोघांनाही आता थोडीच वर्षे उरली होती.

रुद्रमेला तीन मुली होत्या. थोरल्या मुम्मडम्मेचा मुलगा प्रतापरुद्र याला तिने दत्तक घेऊन वारस केले होते. त्याने आधी अंबदेवाचे पारिपत्य केले आणि आजीने सांभाळलेले राज्य पूर्ववत केले. १३०३ ची दिल्लीची पहिली स्वारी फसली. १३०९ मध्ये दिल्लीचा सेनापती मलिक काफूर आला तेव्हा देवगिरीचा रामदेवराव अल्लाउद्दीन खिलजीचा मांडलिक झालेला होता. त्याने दिल्लीच्या फौजेला रसद आणि स्वार पुरवले. प्रतापरुद्राला अलोट द्रव्य देऊन तह करावा लागला. अखेर १३२३ मध्ये उलुघखानाने, म्हणजे पुढच्या महंमद तुघलकाने, वरंगळ घेतले. कैद झालेल्या प्रतापरुद्राचा दिल्लीच्या वाटेवर नर्मदेकाठी मृत्यू झाला. रेड्डी घराण्यातील अनितल्ली या स्त्रीच्या १४२३ च्या कलुवचेरू ताम्रपटानुसार त्याने स्वतःच प्राण दिला.

राज्य बुडाले तरी त्याचे नायक उरले. मुसुनुरी नायकांनी काही वर्षांतच तेलंगण मोकळे केले. रेड्डी आणि वेलमा सरदारांनी पुढची शतके गाजवली आणि त्यांतील कितीतरी घराण्यांनी आपले मूळ प्रतापरुद्राच्या दरबाराशी जोडले. बस्तरच्या राजघराण्याने तर प्रतापरुद्राचा भाऊ अन्नमदेव याला आपला मूळपुरुष मानले. विसाव्या शतकात अडिवि बापिराजूंनी ‘गोन गन्नारेड्डी’ ही कादंबरी लिहून रुद्रमेचा काळ तेलुगू वाचकांपुढे आणला, नटराज रामकृष्ण यांनी ‘नृत्तरत्नावली’ आणि रामप्पाच्या शिल्पांच्या आधाराने पेरिणी शिवतांडव हे नृत्य पुन्हा उभे केले आणि २०१५ मध्ये राणीच्या जीवनावर चित्रपटही आला. तेलंगण राज्य २०१४ मध्ये स्थापन झाले तेव्हा त्याच्या राजचिन्हात वरंगळच्या कोटातील तोरण घेण्यात आले.